शांत आठवड्यातला पहिला शब्द

मी मुद्रितशोधनाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. आता ते टेबल नाही आणि मुद्रितशोधनही नाही. पण ओळख करून द्यायची तर जुन्या हुद्द्यानेच करून द्यावी लागते. निवृत्त माणसंही तेच करतात.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा एकीकडचा, डबा दुसरीकडचा, कळफलक तिसरीकडचा. एका दुकानात आम्हाला एकत्र जोडलं आणि तिघांना मिळून एक नाव दिलं. कुटुंबं अशीच बनतात म्हणे. तिथून मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत आलो. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दुसऱ्यापर्यंत. माझं टेबल खिडकीपाशी होतं, पण खिडकीला फायलींचं कपाट टेकवलेलं असल्यामुळे उजेडाचा त्रास नव्हता.

माझ्यासमोर वेलांटीबाई बसत. पान छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ दिसली की पायावर कुणी पाय द्यावा तशा त्या खुर्चीतून अर्ध्या उठत. म्हणून हे नाव. एकदा संपादकांच्या अग्रलेखावर त्यांनी इतक्या लाल खुणा केल्या की संपादक म्हणाले, "बाई, लेख माझा आहे की तुमचा?"

"लेख तुमचाच आहे," बाई म्हणाल्या, "चुकाही."

शेजारच्या टेबलावर एक उपसंपादक होते. पानावर कुठे जागा उरली की चार ओळींचा मजकूर लिहून, भोवती चौकट आखून ती भरून टाकण्यात त्यांचा हातखंडा. त्यांना सगळे चौकटराव म्हणत. मोठी बातमी त्यांच्या हाती कुणी देत नसे. मोठ्या बातमीलाही ते चौकट आखतील अशी भीती वाटत असावी.

माणसांच्या एका सवयीचं मला नवल वाटतं. जे शेजारच्या खुर्चीला विचारता येईल ते ती आम्हा कॉम्प्युटरना विचारतात. चौकटरावांनी एकदा "सहकारी रागावले असल्यास काय करावे" असं आपल्या कॉम्प्युटरला विचारलं होतं. रागावलेल्या बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या.

एका दुपारी बाईंनी कपाटाच्या वरच्या खणातली फाइल काढायला हात उंचावला. दुसरा हात आधारासाठी काखेपाशी गेला आणि तिथेच राहिला. फाइल काढायचं त्या विसरल्या. बऱ्याच वेळाने खुर्चीत बसल्या आणि आमच्याच वर्तमानपत्राच्या साइटवरची शोधाची पट्टी त्यांनी उघडली. बाहेरच्या साइट्सना कचेरीत कुलूप होतं. क्रीडा विभागाने कामाच्या वेळेत सामने बघितल्याची ती शिक्षा सगळ्यांना झाली होती. घरी त्या आणि त्यांची मुलगी अशा दोघीच, आणि दोघींत एकच फोन. तो फोन मुलीच्या हातात कायमचा. तेव्हा मीच उरलो.

त्यांनी लिहिलं: गाठ.

ठ उमटवायला माझ्या कळफलकावर दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. बाईंची बोटं एरवी न बघता चालत. त्या दिवशी पहिल्या खेपेला 'गाट' उमटलं. वेलांटीबाईंच्या हातून अशी चूक झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी शोधून दिलं. वर्तमानपत्राच्या पोटात जे असतं तेच बाहेर येणार. 'नेत्यांच्या गाठीभेटींना वेग.' 'पाऱ्याने गाठला उच्चांक.' 'चोरट्याला भरचौकात गाठले.' 'संघाने अंतिम फेरी गाठली.' सगळं बाईंनी स्वतःच कधीतरी तपासून पुढे पाठवलेलं. खूप खाली एका डॉक्टरांचं जुनं सदर होतं. बाईंनी ते उघडलं, वाचलं, बंद केलं आणि पुन्हा वरच्या पट्टीत लिहिलं: गाठ दुखत नाही. मग, गाठ हलते. गाठ आपोआप जाते का. दर वेळी नेते भेटत होते, पारा चढत होता, आणि दर वेळी खाली तेच सदर निघत होतं. 'तातडीने दाखवावे' असं त्यात लिहिलं होतं. बाईंना दुसरं काहीतरी लिहिलेलं हवं होतं.

हे पुढे महिनोन्‌महिने चाललं. कधी आठवडाभर त्या विसरल्यासारख्या वागत, कधी दिवसभर दर प्रुफाआड एकदा पट्टी उघडत. एका संध्याकाळी त्यांनी लिहिलं: गाठ मोठ्या बहिणीला होती धाकटीला होते का. त्यांची ताई अशाच कारणासाठी इस्पितळात चालत गेली होती आणि परत आली नव्हती. म्हणजे ताई इस्पितळात गेली म्हणून गेली, असा बाईंनी मनाशी हिशेब मांडला होता. व्याकरणाला इतकं पक्कं असलेलं माणूस कार्यकारणाला इतकं कच्चं असू शकतं. माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, बहुधा म्हणूनच त्या मला विचारत राहिल्या. माणूस ऐकताना तोंड पाडतो.

मग तो शांत आठवडा आला. अपघात नाही, राजीनामा नाही, मोर्चा नाही. चोरसुद्धा रजेवर गेल्यासारखे. संपादक पानांच्या मोकळ्या जागांकडे बघून हवालदिल झाले.

"बातमी नाही म्हणजे काय? लोक काहीतरी करतच असतील की!"

"घरी बसून आपल्या साइटवर काहीबाही शोधताहेत, साहेब," चौकटराव म्हणाले.

"मग तेच छापा. या आठवड्यात वाचकांनी सर्वांत जास्त काय शोधलं. हलकंफुलकं करा."

साइट सांभाळणाऱ्या माणसाने यादी पाठवली. यादी सुटसुटीत दिसावी म्हणून त्याने प्रत्येक शोधाचा फक्त पहिला शब्द ठेवून बाकीचा छाटला होता. झोप. भविष्य. राजीनामा. उचकी. शेजारी. बाहेर गडबड असली की माणसं दुसऱ्यांची चौकशी करतात. बाहेर शांत झालं की स्वतःची सुरू होते. पण चौकटरावांना त्यात गंमत दिसली, कारण सर्वांत वर, बाकीच्यांना खूप मागे टाकून, एकच शब्द होता: गाठ.

दुपारी त्यांनी मजकूर बाईंकडे पाठवला आणि स्वतः येऊन टेबलाला टेकून उभे राहिले.

"वेलांटीबाई, हे जरा बघून द्या. आज माझं रक्त आटवू नका हं, हलकंफुलकं आहे."

"हलकं आहे ते दिसलं. फुलकं कुठे आहे ते शोधते."

मजकूर माझ्या पडद्यावर आला. 'शांत आठवड्यात वाचक अडकले गाठीत! ही गाठ बुटाच्या नाडीची की गळ्यातल्या टायची? की जन्माची गाठ बांधून पस्तावलेल्यांची? एवढे मात्र खरे, की आमच्या वाचकांना एखादी गाठ सुटता सुटत नाही.'

बाई वाचत होत्या. त्यांचा एक हात काखेशी गेला आणि तिथून पदर सारखा करत परत आला.

"लोकांनी हे का शोधलं, विचारलंत का कुणाला?"

"कुणाला विचारणार? यादीत नावं नसतात."

"बरं आहे ते."

त्यांनी दोन अनुस्वार घातले, एक काना काढला. मग मजकुराच्या शेवटी जाऊन थांबल्या, आणि जे त्यांनी कधीच केलं नव्हतं ते केलं. स्वतःची ओळ लिहिली: 'मात्र गाठ अंगावर असेल आणि दुखत नसेल, तर शोधत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी.'

ती ओळ त्या कुणाला लिहीत होत्या हे मला माहीत होतं. आपण स्वतःचं ऐकत नाही, छापलेलं ऐकतो, असं त्यांना वाटलं असावं.

चौकटरावांनी वाचलं. "ही शेवटची ओळ माझी नाही."

"नाही."

"मग?"

"जागा उरत होती. पान उघडं दिसलं असतं."

"अहो बाई, पण विनोदी मजकुराच्या शेवटी दवाखाना?"

"बहुतेकांचा शेवट तिथेच होतो."

चौकटराव हसले. त्यांना तो विनोद वाटला. तेवढ्यात संपादक आले, उभ्या उभ्या वाचून खूश झाले आणि शेवटच्या ओळीपाशी अडले.

"हे काय मध्येच? कोण मेलंय? आठवडा कसा छान शांत गेलाय, वाचकाला कशाला घाबरवायचं? काढा ती ओळ, नाडीचं एक चित्र टाका."

ओळ बाईंनाच काढावी लागली. कळ दाबून ठेवली की अक्षरं शेवटाकडून एकेक करत नाहीशी होतात. त्यांनी कळ दाबून ठेवली. मग म्हणाल्या, "पान बरोबर आहे. सोडा."

त्यानंतर त्यांनी तो शब्द मला पुन्हा विचारला नाही.

चौकट भलतीच गाजली. पुढच्या आठवड्यात साइटवर 'गाठ' शोधणाऱ्यांची नुसती रीघ लागली. संपादकांना दुसरा भाग हवा झाला, आणि या खेपेला वाचकांचे प्रश्न शब्दशः हवे झाले. न छाटलेली यादी आली तेव्हा बाई जेवायला गेल्या होत्या आणि चौकटरावांचा कॉम्प्युटर बंद पडला होता. म्हणून ते बाईंच्या खुर्चीत बसले आणि यादी माझ्यावर उघडली.

गाठ छातीत आहे कुणाला सांगू. गाठ आहे पण घरी अडचण आहे. गाठ डॉक्टर पुरुष आहे काय करू. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या वेळी. बुटाच्या नाडीचं कुणी विचारलं नव्हतं. चौकटरावांचा चेहरा उतरत गेला. खाली मागच्या, त्या शांत आठवड्याची यादीही जोडलेली होती. तिच्यापुढे साइटवाल्याने शेरा मारला होता: 'हे बहुतेक सगळे शोध एकाच मशीनवरून. मुद्रितशोधन. कुणीतरी चाचणी घेत असावं.'

चौकटरावांनी ते सगळे शोध वाचले. बहिणीचाही; तो त्या आठवड्यात बाईंनी पुन्हा विचारला होता. बाई डबा धुऊन आल्या.

"माझ्या खुर्चीत बसून काय दिवे लावताय?"

चौकटराव उठले नाहीत. "बाई, दुखते का?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. डबा टेबलावर ठेवला, त्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"नाही. दुखली असती तर गेले असते."

"चला."

"कुठे?"

"इस्पितळात. गाडी खाली आहे माझी."

"काहीतरीच काय. चार नंबरचं पान यायचंय अजून."

"जाऊ दे चुकीचं."

त्या टेबलाशी हे वाक्य कुणी बोलू धजलं नव्हतं. बाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि पर्स उचलली. त्या दिवशी चौथ्या पानावर 'सुरळीत'ची वेलांटी ऱ्हस्व गेली. एकाही वाचकाचा फोन आला नाही. हे बाईंना कधी कळू नये असं मला वाटलं.

आठवड्याने चौकटराव माझ्याशेजारी उभे राहून संपादकांना सांगत होते. "पसरलंय. डॉक्टर म्हणाले, गाठ हाताला लागली तेव्हाच यायला हवं होतं."

संपादक म्हणाले, "ती ओळ मी काढायला लावली."

"एका आठवड्याने काही फरक पडला नसता, साहेब."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही. मी म्हणतोय."

शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. वर्ष सरायच्या आत बाई गेल्या. कचेरी अर्धा दिवस बंद राहिली आणि त्यांची जागा पूर्ण बंद झाली. चुका काढायला माझ्याच पोटात एक प्रोग्रॅम बसवला. त्याला जो शब्द कळत नाही त्याखाली तो लाल रेघ ओढतो. बाईंच्या निधनाच्या बातमीत त्याने त्यांच्या आडनावाखाली रेघ ओढली होती.

पुढे मीही मंद झालो. आता जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि वाळलेल्या शाईच्या डब्यांसोबत आहे. उद्या-परवा भंगारवाला येईल. ज्या तिघांना जोडून मला केलं ते पुन्हा तीन दिशांना जातील. माझी तक्रार नाही. विनंती मात्र आहे. मी आयुष्यभर विचारेल त्याला उत्तर दिलं, पण कुणाचा हात धरून जिना उतरलो नाही. ते काम चौकट आखणाऱ्या माणसाने केलं, तेही उशिरा. तुमच्या घरात कुणी वारंवार एकच शब्द माझ्यासारख्याला विचारत असेल, तर पडद्याकडे बघू नका. त्या माणसाकडे बघा.

बाई शेवटच्या आल्या तेव्हाचं सांगायचं राहिलं. खणातल्या वस्तू न्यायला आल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला. चौकटराव त्यांच्यासाठी चहा आणायला गेले. मुलीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की लहानशी शस्त्रक्रिया झाली, आता बरं आहे. डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्यांना वेगळं सांगितलं होतं.

त्यांनी मला सुरू केलं, शोधाची पट्टी उघडली आणि सावकाश लिहिलं: मुलीला कसं सांगावं.

मी शोधलं. नेते नाहीत, पारा नाही, सदर नाही. साइटचा ठरलेला निरोप तेवढा पडद्यावर आला: 'काहीही सापडले नाही. कृपया शुद्धलेखन तपासून पुन्हा शोधा.'

बाई पुढे वाकल्या. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर त्यांनी तपासलं. मु ऱ्हस्व. ली दीर्घ. अनुस्वार जागच्या जागी. मग छापात जातं तसं 'कसे सांगावे' करून पाहिलं. पुन्हा तोच निरोप.

त्यांनी परत पहिल्यापासून तपासलं. चूक कुठेच नव्हती.