पोकळ दाण्याच्या अकरा फेऱ्या

काकांनी काचेची नळी उजेडाकडे धरून हलवली आणि तळाशी बसलेल्या काळ्या भुकटीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"माल तर बरोबर आहे, बाई."

"बरोबर आहे, पण तिसऱ्या फेरीला मान टाकतो."

निवृत्त होऊन सहा वर्षं झालेल्या मदतनिसाला प्रयोगशाळेत बोलवायची वेळ बाईंवर आली होती. तरुणपणी त्यांनी काकांच्याच हाताने ही भुकटी केली होती. काचेच्या जातीचा सूक्ष्म गोळा, त्यावर पॅलेडियम धातूचा थर, वर जाळीदार कवच. मग आतला गोळा अल्कलीच्या द्रावणात विरघळवायचा. उरतो तो डोळ्यांना न दिसणारा पोकळ दाणा. हा दुसऱ्यांच्यात रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. धुवा, वाळवा, पुन्हा वापरा. अकरा फेऱ्या झाल्या तरी तो दमला नव्हता. त्या शोधनिबंधाने बाईंचं नाव झालं. आता दूरच्या एका प्रयोगशाळेने पत्र पाठवलं होतं, आम्हाला दोनच फेऱ्या साधतात, तुमची रीत कळवा. महिनाभर डोकं फोडूनही बाईंना स्वतःलाच ते साधेना. साधलं नाही तर निबंध मागे घ्यावा लागणार होता.

"तेव्हा जसं करायचात, तसंच्या तसं करा."

काका खुशीत आले. "तेव्हा भुकटी तळाशी बसवायला हे गुपचूप फिरणारं यंत्र कुठे होतं? ते जुनं धूड सुरू केलं की टेबल चालायला लागायचं. तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि बाटल्या पोटाशी."

बाई हसल्या. किती दिवसांनी हसल्या, त्यांनाच ठाऊक. भाड्याची खोली, एक वेळचं जेवण, आणि तरी सकाळी इथे पोचायची केवढी घाई असायची! ते दिवस परत हवेत, असं त्यांना फार वाटलं.

काकांनी भुकटी धुतली, वाळवली, काट्यावर ठेवली. मग सहज ताज्या मालाची बाटली उघडून त्यांनी चिमूटभर वर टाकली.

"हे काय, काका?"

"धुताना थोडी वाहून जाते ना. घट भरून काढायचो."

बाईंनी काट्याचा आकडा पाहिला. मनातल्या मनात हिशेब केला.

"एवढ्याशा चिमटीने अकरा फेऱ्या होत नाहीत."

काका फडक्याने कोरडाच काटा पुसत राहिले.

"तिसऱ्या फेरीला भुकटी तेव्हाही मेलीच होती," ते म्हणाले. "दोन दिवस जेवली नव्हतीस, पोरी. मला बघवेना. मग दर खेपेला सगळी ताजीच घालत गेलो."

बाई स्टुलावर बसल्या. राग आला होता, चांगलाच आला होता. पण समोर पांढऱ्या केसांचा म्हातारा खाली मान घालून उभा होता. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं.

"बाई," काका दारापर्यंत जाऊन थांबले. "त्या निबंधात शेवटी माझे आभार मानलेत तुम्ही. ते पान घरी भिंतीवर लावलंय. आता काढू का?"

"राहू द्या," बाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यातली तेवढी ओळ खरी आहे."