पहिला घाणा सरपंचांचा

द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्या.
टोपीत घातलेल्या चिठ्ठ्या.
शेजारच्या गल्लीतली कोंबडी माझ्या पोटात अंडी घालते.
सोमवारी बुलडोझर येणार.

मित्रांनो, ही सगळी माझीच गोष्ट. मी मोंपेरू गावची पावाची भट्टी. चर्चच्या मागे, दगडी घुमटाची. सगळ्या गावाची, म्हणून कुणा एकाची नाही. माझ्यात घराघरांतले पाव भाजले जात. उरलेल्या धगीत बायका सफरचंदाच्या फोडी सुकवत.

मग शहरातून पावाची गाडी येऊ लागली. माझ्या तोंडाशी काटेरी झुडपं वाढली.

सरपंच ल्युसिएन बार्तास यांनी ठरवलं, मला पाडायचं आणि तिथे मोटारी उभ्या करायच्या.

"ती आता तापतच नाही," ते सभेत म्हणाले.

"तापवून बघितलीस का, ल्युसिएन?" म्हाताऱ्या झेर्मेनआजींनी विचारलं. "की त्याचाही नुसता ठरावच केलास?"

अखेर ठरलं: रविवारी मला पेटवायचं. पाव फुगला तर मी राहणार. बसला तर सोमवारी बुलडोझर.

आमच्याकडे कुणाचा घाणा कधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पहिला घाणा कुणालाच नको असायचा. गार भट्टी तापवण्यात लाकूड सगळ्यांत जास्त जळतं. मागून येणाऱ्यांना धग आयती मिळते.

टोपीतून पहिली चिठ्ठी निघाली बार्तासांची.

"सरपंच, काडेपेटी आहे ना?" लोहार ओनोरे म्हणाला. "की शहरातून मागवायची?"

सरपंच बायकोच्या कानाशी कुजबुजले, "बरंच झालं. लाकडं थोडीच घालू. पाव बसेल, भट्टीही जाईल."

"आणि बार्तासांच्या घरचा पाव दगड झाला, असं गाव म्हणेल ते?" सोलांजबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं असा पाव कधी काढला होता का? जा, ओकची लाकडं आणा. सगळी."

सरपंच गेले. हिवाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं हातगाडीवर घालून आणू लागले. आधी द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांची मंद आच दिली. ओल्या दगडाला एकदम ताव दिला की तो तडकतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी धुमसले, खोकले, काळीकुट्ट झाले. मग घुमटाची काजळी हळूहळू जळून गेली आणि मी आतून पांढरीशुभ्र झाले. भट्टी पुरती तापल्याची हीच खूण.

"झाली पांढरी," झेर्मेनआजी म्हणाल्या. "निखारे बाहेर ओढ आता. बघत काय बसलास?"

पाव आत गेले. बाहेर आले ते टम्म फुगलेले, तांबूस, वरचं कवच तडतडणारे. ओनोरेनं टोपी हवेत उडवली. रस्त्यावर पावाच्या गाडीचा भोंगा वाजला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आजींनी तुकडा चघळला. "मीठ कमी आहे."

"ते पिठात कमी आहे," सरपंच ताठ होऊन म्हणाले. "माझ्या भट्टीला नावं ठेवायची नाहीत."

आता दर रविवारी मी पेटते. पहिला घाणा आता मानाचा, त्यासाठी लोक भांडतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला मोडीत काढण्याआधी तिला एकदा मनापासून कामाला लावून बघा. अर्ध्या लाकडांवर तिची परीक्षा घेऊ नका.

मला बांधलं त्या वर्षी पीक बुडालं होतं आणि गावात कुणाच्याच घरी पीठ नव्हतं. तरी त्यांनी दगड रचले, पुढच्या पिकाच्या भरवशावर.