चार दिवसांची पट्टी

दिव्याने पिल्लाचे दोन्ही पाय चिमटीत धरून जवळ आणले आणि म्हणाली,

"बांध वो माय."

फुलवंताच्या हातात जुन्या लुगड्याची बोटभर रुंद चिंधी होती. पण ती तशीच बसून राहिली. पिल्लू कालच अंड्यातून निघालेलं, पिवळं, मानेवर अजून ओलसर. उभं राहायला गेलं की त्याचे पाय दोन्हीकडे फाकत आणि ते पोटावर आपटे. पुन्हा उठे, पुन्हा आपटे.

"मले नाही जमत. तूच बांध."

"माहे दोन्ही हात गुंतले आहेत. तिसरा कुठून आणू?"

फुलवंताने शेवटी बांधलं. दोन पायांमध्ये बोटभर अंतर ठेवून, गाठ सैलही नको आणि घट्टही नको, दिव्या सांगेल तसं. पिल्लाने असा आकांत मांडला की चुलीजवळची मांजर उठून बाहेर गेली.

राजहंसांची जोडी त्यांनी राखणीला आणली होती. मादीला मृगाच्या सुमारास कुत्र्यांनी फाडलं. मागे राहिलेली चार अंडी फुलवंताने खुडूक कोंबडीखाली ठेवली. तीन नासली, एक फुटलं, ते हे असं. खाली ओल येऊ नये म्हणून खताची प्लास्टिकची चुंगडी तिनेच अंथरली होती. त्या गुळगुळीत चुंगडीवर घसरूनच पाय फाकले, हे दिव्याने मोबाईलवर पाहून सांगितलं. आपल्या हातून पाय बिघडणं फुलवंताला नवीन नव्हतं.

दिव्याचा उजवा पाय आत वळलेला होता. पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकत ती चालायची. बारावीला होती, रोज एसटीने अर्जुनीला जायची आणि थांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर दोनदा थांबायची. संध्याकाळी फुलवंता तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. कोणी विचारलंच तर सांगायची, "जन्माचाच आहे." दिव्यालाही तिने हेच सांगितलं होतं.

अर्धंच खरं होतं ते.

जन्मली तेव्हा पाय वाकडाच होता. पण डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, सहा प्लास्टर लागतील, दर आठवड्याला एक, पाय सरळ होईल. दोन झाले. तिसऱ्याच्या आत धानाची रोवणी लागली. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलेलं, रोपांचे पऱ्हे तयार, आणि रोवणी काही कोणाच्या लेकरासाठी थांबत नाही. फुलवंताने महिन्याभराच्या पोरीला शेताच्या धुऱ्यावर छत्रीखाली निजवलं आणि बांधीच्या चिखलात उतरली. पावसात प्लास्टर भिजून लगदा झालं. आत कातडी सोलली असावी. पोर निळी पडेस्तोवर रडली. शेजारची सुशिलाबाई म्हणाली, "काढ वो ते, लेकराचा जीव जाईल." फुलवंताने बांधीच्याच पाण्यात ते सोलून काढलं. पोर गप्प झाली, दूध प्यायली, झोपली. किती बरं वाटलं होतं तेव्हा. रोवणी झाली की जाऊ, असं ठरलं. रोवणी अठरा दिवस चालली. तोवर पाय पुन्हा होता तसा झाला, आणि डॉक्टरीणबाई रागावेल या भीतीने फुलवंता त्या दारात परत गेलीच नाही. नवऱ्याला, धनसिंगला तिने सांगितलं, डॉक्टरनेच नाही म्हटलं.

"चार दिवस ठेवायचं," बॅग खांद्याला लावता लावता दिव्या म्हणाली. "कितीही ओरडलं तरी सोडायचं नाही. समजलं?"

"समजलं."

"माय, माह्याकडं पाहून सांग."

"समजलं म्हटलं ना."

ती गेली आणि धनसिंग हाका मारत आला. चार बायका बांधीत उतरल्या होत्या.

"चाल लवकर. काय करून राहिली?"

"मी नाही येत."

"काऊन?"

"हे एकटं राहील."

धनसिंगने आधी पिल्लाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "बदकाच्या पिल्लासाठी कोणी रोवणी सोडते का?"

"यंदा सोडली," फुलवंता म्हणाली.

तो काहीबाही पुटपुटत निघून गेला. बायको पिसाळली, हे त्याने बांधीत चौघींना सांगितलं असणार, आणि चौघींनी गावाला.

पिल्लू दिवसभर ओरडत होतं. फुलवंताने त्याला बारदान्यावर ठेवलं, तांदळाची मऊ कणकी भरवली, घोळीच्या भाजीची पानं बारीक चिरून दिली. खाऊन झालं की ते पुन्हा ओरडे. दुपारी दोनदा तिची बोटं गाठीपर्यंत गेली. दुसऱ्यांदा तर गाठीचं टोक चिमटीत आलंही होतं. मग ती उठली, हात धुतले आणि पिल्लाला पदरात घेऊन ओसरीवर बसली. ते रडलं तशी तीही रडली. घरात कोणी नव्हतं, ते बरं झालं.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ओरडणं कमी झालं. चौथ्या दिवशी दिव्या आली ती बॅगसकट अंगणात बसली.

"सोड आता."

"तू सोड."

"नाही. तूच सोड."

फुलवंताने गाठ सोडली. चिंधी गळून पडली. पिल्लू जरा वेळ बसूनच राहिलं, मग उठलं. पाय अंगाखाली होते. ते तीन पावलं चाललं, कलंडलं, उठलं आणि तुरुतुरु बारदान्याच्या टोकापर्यंत गेलं. दिव्या टाळी वाजवून हसली. वळून पाहते तो माय तोंडात पदर कोंबून रडत होती.

"अवो, चालून राहिलं ना ते. कायले रडते?"

"चारच दिवस," फुलवंता म्हणाली. "चारच दिवस लागले वो. तुह्यासाठी सहा आठवडे सांगतले होते. मी रोवणीपायी..."

दिव्या पिल्लाकडेच पाहत होती. ते आता तिच्या बॅगेच्या पट्ट्याला चोच मारत होतं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "सुशिलाबाईनं सांगतलं होतं. मी सातवीत होती."

"अन् तू बोलली नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबली होती."

अंधारून यायला लागलं तशी फुलवंता सवयीने उठली, तेलाची वाटी चुलीवर कोमट करून आणली आणि दिव्यापुढे बसली. दिव्याने पाय परकराखाली ओढून घेतला.

"आज नको."

"काऊन?"

"तेलानं काही होत नाही माय. तुलेही माहीत आहे."

"मंग इतके वर्षं कायले लावू देल्लं?"

दिव्याने पिल्लाला उचलून मांडीवर घेतलं. ते तिच्या हाताच्या उबेला मान टेकून बसलं.

"तुले बरं वाटत होतं," ती म्हणाली.

फुलवंताच्या हातातली वाटी तशीच राहिली. पलीकडे बोडीच्या पाण्याकाठी उरलेला नर एकटाच ओरडत होता, पिल्लाने मान वर करून ऐकलं. धनसिंगची सायकल फाटकाशी वाजली. तेल थंड होत आलं होतं.

मग दिव्याने पाय बाहेर काढला आणि मायच्या मांडीवर ठेवला.