पुढची फळी

लेकीने, स्नेहलने, मोबाईलवर बोटीची जाहिरात टाकली आणि माझ्यामागे साडेसाती लागली. "लास्ट किती?" एवढंच विचारायला दिवसाला वीस फोन. बोट बघायला कुणी तयार नाही, भाव पाडायला सगळे पुढे. एकाने तर ॲव्हरेज किती देते म्हणून विचारलं. वल्ह्याची बोट आहे बाबा, जेवढ्या भाकरी खाशील तेवढं ॲव्हरेज!

पण मला ती विकायचीच होती. स्नेहल रांजणगावच्या कंपनीत आहे, कारेगावात राहते. "आई, एकटी राहू नकोस, घराला कुलूप लाव आणि ये," म्हणून मागे लागली होती. आणि खरं सांगते, मला त्या बोटीची भीती वाटायला लागली होती. यांना जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून इनामगावच्या काठाला बांधलेली ती रिकामी बोट नाकाकडून खाली दबायची. पुढच्या फळीवर कुणी बसल्यासारखी.

पहिला आला कारेगावचा पप्पू. लग्नाआधीचे फोटो काढतो. नवरीला कुठे बसवायचं ते बघायला पुढच्या फळीवर टेकला आणि ताडकन उठला.

"काकू, फळी वली हाय."

मे महिना, भर दुपार. मी पदराने फळी पुसली. बघता बघता पुन्हा ओली.

"गळकी बोट गळ्यात मारता व्हय?" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. यांच्या हातच्या बोटीला गळकी म्हणाला मेला!

दुसरा विश्वजीत. दौंडकडे त्याचं पर्यटनाचं तळं आहे. त्याने चार चकरा मारल्या. कधी रंग पाहिजे, कधी वल्ही नवी पाहिजेत. शेवटी एकटाच मागे बसून फेरी मारायला गेला, पांढराफटक होऊन परत आला आणि "तोल न्हाई हिला" म्हणत चपला हातात घेऊन पळाला.

मग दौंडचे मल्हारीमामा आले. भीमेवर जाळी टाकण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते बोटीत चढलेच नाहीत. काठावरून बघत राहिले.

"पोरी, हिच्यातनं मयतं आणलीत का?"

"लई आणलीत, मामा." नदीत कुणी बुडालं की पोलीस यांनाच बोलवायचे. काठाला आलं की हे मयताला नावाने हाक मारायचे, "अमक्या, घर आलं, उतर." तशी रीतच आहे आमच्यात. हाक चुकली तर माणूस बोटीतच बसून राहतो. यांनी कधी चुकवली नाही.

"आन् शेवटचं मयत कुणाचं?"

"यांचंच." जाळ्यात पाय अडकला. दुसऱ्या दिवशी याच बोटीतून आणलं.

"हाक कुणी मारली?"

"मीच."

"काय म्हणालीस?"

"अहो, घर आलं, उतरा."

शब्द तोंडातून गेला आणि मलाच कळलं. लग्नात उखाणा घेतला तेवढाच; पुढे बावीस वर्षं यांचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. त्या दिवशीही निघालं नाही. मला रडूच फुटलं. आठ महिने माणूस उन्हापावसात ताटकळत बसला होता आणि मी त्याच्यासकट बोटीचा भाव करत होते.

मी पाण्यात गुडघाभर उतरले. जीभ रेटेना. डोळे मिटले आणि ओरडले, "नवनाथ, घर आलं. उतर."

बोटीचं नाक हळूच वर आलं. माझ्या पायाशेजारचं पाणी हललं.

मामांनी हात जोडले. "आता न्हेतो, पोरी. तू सांगशील त्यो भाव."

"न्या," मी म्हणाले.

सामान बांधायला घरी आले. दाराला मी लावलेलं कुलूप तसंच होतं. ओट्यावर ओली पावलं उमटली होती, थेट बंद दारापर्यंत. परत फिरलेली एकही नव्हती.

तिथेच उभी राहून स्नेहलला फोन केला, मी येत नाही म्हणून सांगितलं. मग कुलूप काढून आत गेले आणि यांच्यासाठी कोरडा टॉवेल काढला.