शेंदराचं बोट

"फिरव," दौलत भोईर म्हणाला. "सावकास. देवाला फेरी घालतंस तशी."

विनीतने पाना फिरवला. जॅकवर उचललेल्या जीपच्या मागच्या ॲक्सलचं झाकण काढलेलं होतं. आतलं ताटाएवढं दातेरी चक्र, म्हणजे क्राऊन, हलकेच सरकलं आणि त्याच्या दातांत दात अडकवून बसलेला छोटा पिनियनही वळला. दौलतने क्राऊनवर लाकडाची फळी रेटून धरली होती. नुसते फिरवले तर दात खोटं बोलतात, अंगावर भार आला की खरं बोलतात, असा त्याचा अनुभव होता. माणसांच्या बाबतीत त्याचा अनुभव नेमका उलटा होता, पण ते असो.

क्राऊनच्या पाचसहा दातांवर त्याने तेलात कालवलेला शेंदूर फासला होता. दात दाताला जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि उघडा पडलेला तो डाग मिस्त्रीला सगळं सांगतो. डाग दाताच्या मधोमध पडला, तर जोडी जमली. शेंड्याकडे किंवा मुळाकडे सरकला, तर पिनियनमागे कागदासारख्या पातळ चकत्या घालून किंवा काढून पुन्हा जुळवायचं. या कामासाठी बाजारात हल्ली निळ्या रंगाची ट्यूब मिळते. दौलत मात्र मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातून शेंदराची पुडी आणत असे. दुकानदार त्याला मोठा भाविक समजत होता.

"काका, झालं का?"

दौलत बॅटरी घेऊन वाकला. पुढे जाताना जी बाजू टेकते, तिथला डाग बरोबर मधोमध होता. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जी बाजू टेकते, तिथे किंचित मुळाकडे सरकलेला. उन्नीस-बीस.

"झाला. थोरा फरक हाय, तो कान सांगंल."

विनीत डोंबिवलीचा. सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि रविवारी चिखलात जायचा. जिथे रस्ता नाही तिथे गाडी न्यायची, याला ऑफ-रोडिंग म्हणतात, हे त्याने दौलतला समजावून सांगितलं होतं. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला एकतीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला ही कल्पना नवीन नव्हती. त्यासाठी मुद्दाम इतक्या लांब जावं लागतं, एवढंच नवीन होतं. विनीतने गाडीला कमरेएवढे टायर बसवले, तेव्हा इंजिन दमायला लागलं, म्हणून आता जास्त ताकदीचा क्राऊन-पिनियन घालायचा होता. चार ठिकाणी विचारल्यावर चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: शीळफाट्याच्या अलीकडे, दौलतशेठ. गाडी गप्प करून देतो.

ते 'गप्प' म्हणजे दौलतचा कान. सगळं जुळवून झालं की तो गाडीत मालकाशेजारी बसायचा, डोळे मिटून डोकं काचेला टेकवायचा, आणि साठच्या वेगावर ॲक्सिलरेटर सोडायला सांगायचा. तिथे बारीकशी रडही आली, तर गाडी परत जॅकवर. नाही आली, तर ॲक्सलच्या लोखंडावर शेंदराच्या अंगठ्याचा ठसा. पार आंबिवलीपर्यंतचे ड्रायव्हर गाडीखाली वाकून हा अंगठा बघत आणि मगच जुनी गाडी विकत घेत.

दुपारी एकला ते गाडी घेऊन निघाले. शेजारच्या टपरीवरून कमलेश चहावाल्याने हाक मारली, "दौलतशेठ, आज डासांचं काय बोलली पालिका?"

ही रोजची थट्टा होती. गेली दोन वर्षं दौलत भेटेल त्याला सांगत होता, की डास कमी झालेत. पालिकेने काहीतरी फवारलंय नक्की. एवढ्या मोठ्या टापूत पालिकेची स्तुती करणारा तो एकटाच माणूस असल्यामुळे लोक त्याच्याकडे जरा काळजीनेच बघत.

खोणीच्या बाजूला मोकळा रस्ता लागला. दौलतने डोकं काचेला टेकवलं.

"सोड."

विनीतने पाय काढला. गाडी वेग सोडत गेली. दौलत डोळे उघडून हसला.

"गारी गप हाय."

विनीतने पुन्हा वेग घेतला, पुन्हा सोडला. "काका, आवाज येतोय."

"टायरचा असंल. जंगी टायर हायेत तुझं."

"टायर घरघरतात हो. हा बारीक आहे. ऊंऽऽ असा."

"मना कसा येत नाय मंग?" दौलत म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला गेल्या वर्षीचा काळूराम आठवला. आंबिवलीचा, गावच्या माणसांची ने-आण करणारा. 'दौलतशेठ, जरा वाजते गाडी,' म्हणत तीन वेळा आला होता. तिसऱ्या वेळी दौलतने त्याला चारचौघांत सांगितलं होतं, की कानातला मळ काढ. त्यानंतर काळूराम आला नव्हता.

"घे माघारी," दौलत म्हणाला.

गॅरेजवर रंगूबाई डबा घेऊन बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याने दुरुस्त केलेल्या एकाही गाडीत बसली नव्हती. कधी कुणी बस म्हटलं नव्हतं.

"गारीन बस," दौलत म्हणाला.

"कुठं जायाचा?"

"कुठं नाय. बस."

ती डब्यासकट मागे बसली. तोच रस्ता, तोच वेग. विनीतने पाय काढला. या वेळी दौलतने डोळे मिटले नाहीत. मागे वळून तो बायकोकडे बघत होता.

"तुना येतंय काय आयकू?"

"येतंय की."

"कसा?"

रंगूबाईने थोडा विचार केला. "डासावानी. कानाशी डास गुनगुनतंय तसा."

"डास कुठं रायलेत आता," दौलत सवयीने म्हणाला.

रंगूबाई मांडीवरच्या डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. विनीत समोर बघत गाडी चालवत राहिला.

"बोल ना."

"हायेत," ती म्हणाली. "रोज हायेत. पहिल्यापरमानंच."

म्हशींचा एक कळप रस्ता ओलांडत होता, तो संपेपर्यंत विनीतने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"सांगलंस का नाय?"

"काय सांगू? दोन वरसांत तुमी एकदाबी चिरचिर केली नाय झोपताना. खूस व्हता."

गॅरेजवर येताच दौलतने गाडी परत जॅकवर घेतली. विनीत म्हणाला, "काका, एवढं काही नाही. मोठ्या टायरांत ऐकूपण येणार नाही कोणाला. मी रविवारी जातो असाच."

"तुना आला ना आयकू?"

"आला, पण चालेल मला."

"मंग पाना दे."

त्याने सगळं उतरवलं. पिनियन काढून त्याच्यामागची बेअरिंग पुन्हा प्रेसवर दाबून सोडवली, दोन चकत्या काढल्या, त्यांच्या जागी एक, बारीक, घातली. रंगूबाई घरी गेली नाही. स्टुलावर बसून राहिली. मधेच तिने भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला, कारण त्याचे हात तेलाचे होते. शेंदूर पुन्हा लावला. या वेळी डाग दोन्हीकडे मधोमध पडला. तो बॅटरी धरून बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचं काम तपासावं तसा.

पाच वाजता तिघं पुन्हा त्याच रस्त्याला निघाले. विनीतने वेग घेतला, सोडला. घेतला, सोडला. दौलत बायकोच्या तोंडाकडे बघत होता. ती डोळे मिटून बसली होती. डोकं काचेला टेकवलेलं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिचे ओठ हलले.

"काय?"

तिने डोळे उघडले आणि मोठ्याने म्हणाली, "गारी गप हाय."

गॅरेजवर आल्यावर विनीत गाडीखाली वाकला. "काका, अंगठा?"

दौलतने शेंदराची वाटी उचलली. अंगठा बुडवायला गेला, थांबला आणि वाटी रंगूबाईपुढे धरली.

"मी?"

"तुनाच आयकलाय ना?"

ती पदर खोचून खाली बसली. ॲक्सलवर नेमकं कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. त्याने बोटाने जागा दाखवली. तिने अनामिका बुडवून देवाला लावतात तसं हलकेच लावलं. तो ठसा दौलतच्या अंगठ्याच्या निम्माही नव्हता.

गाडी डोंबिवलीकडे निघून गेली. दौलतने हात धुतले, मोबाईल काढला आणि फोन स्पीकरवर टाकून तोंडापाशी धरला.

"काळूराम? भोईर बोलतंय, गॅरेजवाला. तुझी गारी वाजतं बोललास ना तू... ऱ्हाय, आयक पहिला. वाजत असंल. उद्या घेऊन ये." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. त्याने रंगूबाईकडे बघितलं.

"इच्यारतंय, आज कसा काय आठवला," ती म्हणाली.

"ये म्हनावं."

दिवे लागायची वेळ झाली होती. कमलेश टपरीसमोर कडुलिंबाचा पाला जाळत होता, रोज जाळायचा तसाच. दौलत दोन वर्षं तो धूर बघत होता आणि कमलेशला त्याची आवड आहे असं समजत होता. त्याने दोन चहा सांगितले. रंगूबाईने हात पुढे करून त्याच्या मानेवर हलकेच एक चापटी मारली आणि तळहात बघून पदराला पुसला.

"काय दौलतशेठ," कमलेश कप पुढे करत म्हणाला, "पालिका काय बोलते?"

दौलतने चहाचा घोट घेतला.

"डास वाढलेत," तो म्हणाला.

कमलेश हसायला लागला, मग रंगूबाईचा चेहरा बघून थांबला आणि पाल्यावर आणखी एक मूठ टाकली.