मशीनचा मान

मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत एक मशीन आहे. ती परदेशातून आली तेव्हा आमच्या डायरेक्टरांनी, जितेंद्र सरांनी, तिच्यापुढे नारळ फोडला, तिला झेंडूचा हार घातला आणि पाहुण्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. तेव्हापासून कंपनीत कोणीही येवो, आधी मशीन बघायची. लग्नात रुसून बसणारी एखादी आत्याबाई असते ना, आधी तिची समजूत काढा, मग मुहूर्ताचं बघा, तशातली गत. आत्याबाई निदान आहेर तरी देते.

आम्ही मायक्रो-एलईडीचे पडदे बनवतो. हेल्मेटच्या काचेपाशी बसणारा नखाएवढा पडदा, ज्यावरचा वेग आणि रस्ता मे महिन्याच्या उन्हातही वाचता आला पाहिजे. त्यातले दिवे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. लाल, हिरवे, निळे दिवे वेगवेगळे बनवायचे आणि मशीनने उचलून उचलून जागेवर मांडायचे, ही सरांची लाडकी पद्धत. लाखो दिवे मांडायचे म्हणजे चुकाही तितक्याच. पडदा इतका महाग पडायचा, की त्यापेक्षा गिऱ्हाइकाला नवी मोटारसायकल घेऊन दिलेली परवडली असती.

मी दोन वर्षं राबून दुसरी पद्धत बसवली. सगळे दिवे निळेच ठेवायचे. एकाच चकतीवर घडवायचे, ती चकती सर्किटवर एकदाच चिकटवायची आणि काही दिव्यांवर रंग बदलणारा थर द्यायचा, की त्या निळ्यातूनच लाल आणि हिरवा उजेड पडतो. उचलाउचल बंद, खर्च निम्म्याच्या खाली. मशीन लागतच नाही. आणि इथेच माशी शिंकली.

"मशीन लागत नाही म्हणजे?" सर म्हणाले. "मंग लोकायले काय दाखवू मी?"

"पडदा दाखवा ना, सर."

"नखाएवढा पडदा कोणाले दिसून राहिला वं? मशीनले कुठंतरी घे. कुठंबी घे, पण घे."

म्हणून माझ्या पद्धतीत एक पायरी वाढली. तयार झालेला पडदा मशीन उचलणार आणि होता तिथेच परत ठेवणार. बस, एवढंच. कागदावर तिचं भारदस्त नाव 'फायनल अलाइनमेंट'. आम्ही तिला म्हणायचो पाया पडणं. पडदे तपासणारा आमचा इंजिनिअर धम्मानंद रोज सकाळी मला विचारायचा, "काय मेघा, आज किती जण पाया पडून आले?"

आणि पाया पडून आलेल्यांचेच हाल असायचे. उचलताना कोपऱ्यातला जोड सुटायचा आणि दिव्यांची एक अख्खी ओळ विझायची. मशीन दुरुस्तीसाठी बंद होती त्या आठवड्यातले पडदे मात्र एकूण एक धडधाकट निघाले. मी ते घेऊन सरांकडे गेले.

"योगायोग आहे," सर म्हणाले. बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. "शुक्रवारी पुण्याची हेल्मेट कंपनी येऊन राहिली. तवाबी पडदे विझले तर तुही पद्धत बंद. आपली जुनी सुरू करू."

माझी दोन वर्षं मातीत जाणार होती, आणि का, तर एका लोखंडी आत्याबाईचा मान राहावा म्हणून. इतका संताप आला की दुपारचा डबा तसाच परत नेला.

शुक्रवारी पुण्याच्या प्रेमिला मॅडम आल्या. पोह्यांकडे न बघता सरळ आत गेल्या, तिथेच मला आवडल्या. सरांनी मशीनचं गुणगान सुरू केलं. तिचा देश, तिचं वजन, तिला बंदरावरून आणताना झालेली यातायात. वजनाचा आणि पडद्याचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

"पण ती करते काय?" मॅडमनी विचारलं.

"फायनल अलाइनमेंट."

"दाखवा बरं."

मशीनचा हात डौलात खाली आला. त्याने पडदा उचलला, क्षणभर हवेत धरला आणि होता तिथे ठेवला.

"आणि?" मॅडम म्हणाल्या.

"आणि काय? झालं."

"बदललं काय, असं विचारतेय मी."

सर घाम पुसत माझ्याकडे वळले. "मेघा, टेक्निकल भाग तू सांग."

वा! मिरवायचं त्यांनी आणि निस्तरायचं मी. पद्धत वाचवायची तर सरांचं नाक कापावं लागणार होतं. मला फार विचार करावा लागला नाही.

"काहीच बदललं नाही, मॅडम," मी म्हणाले. "पडदा मशीनच्या पाया पडून आला. त्यातच त्याचा जोड सुटतो. न पडलेलेही आहेत, ते बघा."

धम्मानंदने दोन्ही प्रकारचे पडदे शेजारी शेजारी लावले. पाया पडलेल्यांत दिव्यांची एकेक ओळ काळी होती. मॅडमनी दुसऱ्यांपैकी एक उचलला, खिडकीपाशी उन्हात धरला आणि निरखून बघितला.

"ही पायरी काढून टाका," त्या म्हणाल्या. "आम्हाला हेच पडदे हवेत."

आता इतकं नाक कापल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? छे! सरांनी महिन्याभरात भाषण तयार केलं. आपण धाडसाने एक पायरी वगळली आणि पडदा सोपा, स्वस्त आणि भरवशाचा केला, असं ते गावभर सांगत सुटले. वगळलेली पायरी घातली कोणी होती, हे कोणी विचारलं नाही. कुठल्याशा संघटनेने त्यांना शाल, नारळ आणि ही मोठी शिल्ड दिली. आधी स्वतःच रस्ता खोदायचा आणि बुजवल्याबद्दल सत्कार घ्यायचा, याला कसली लाज लागते?

शिल्डसोबत फोटो काढायचा ठरला, अर्थातच मशीनपुढे. शहरातल्या महाल भागातून बंटी फोटोग्राफरला बोलावलं. मी सरांच्या शेजारी उभी राहिले.

"मॅडम, थोडं बाजूले व्हा ना," बंटी म्हणाला. "मशीन झाकून राहिली."

"हो वं मेघा, सरक थोडी," सर म्हणाले. "मशीन दिसली पाहिजे."

"काहून सरकू?" मी म्हणाले. एरवी ऑफिसात मी अशी बोलत नाही, पण त्या दिवशी घरची भाषाच तोंडात आली. "पडदा म्या बनवला. मशीनलेच सरकवा. तशीबी तिले काही काम नाही."

धम्मानंद मागे खो खो हसला. बंटीने सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबून टाकलं.

तो फोटो आता रिसेप्शनवर आहे. सरांच्या हातात शिल्ड आहे, मशीनचा वाळलेला हार एका बाजूने जरासा दिसतो आणि बाकीची मशीन माझ्यामागे आहे. येणारे पाहुणे फोटोपाशी थांबतात आणि विचारतात, मधोमध उभी ही बाई कोण? मग सरांना सांगावं लागतं.