अख्खे बदाम

सासऱ्यांनी जेवण जवळजवळ सोडलंच होतं. डॉक्टरांनी वजन बघून स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारपर्यंत पोटात नीट काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. सासरे शिंपी. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाची पँट आता नाडी बांधून कमरेला थोपवावी लागत होती.

सुका मेवा घातलेल्या चॉकलेटला मात्र ते कधी नाही म्हणत नसत. सासूबाई असताना ते घरीच करायच्या. म्हणून रविवारी इस्पितळाच्या धुलाईघरातली सकाळची पाळी उरकून आल्यावर सून आडवी न होता ओट्याशी उभी राहिली. नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी होता. फोनवर 'बाबांना सांभाळ' एवढं सांगून तो मोकळा झाला होता.

तिनं पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, वर कोरडं वाडगं ठेवून त्यात चॉकलेटचे तुकडे टाकले. बदाम-अक्रोड मंद आचेवर भाजले, जर्दाळू कात्रीनं कापले. मग सवयीनं तिचा हात खलबत्त्याकडे गेला. सासऱ्यांचे पुढचे दात पडलेले, चावायला त्रास नको म्हणून तिनं थोडा मेवा बाजूला ठेवून बाकी सगळा बारीक कुटला. याच खलबत्त्यात ती रोज त्यांच्या गोळ्या कुटायची. अख्खी गोळी ते थुंकून टाकत, म्हणून पूड करून कधी दह्यात, कधी कुस्करलेल्या केळ्यात.

चॉकलेट फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावर तिनं तुकडा त्यांच्यापुढे धरला. सासऱ्यांनी तो जिभेवर ठेवला आणि परत बशीत काढला.

"यातपण घातलीस?"

"काय?"

"गोळी."

"नाही हो बाबा. शपथ."

"केळ्याच्या वेळीही शपथच घेतली होतीस."

केळ्यात होती.

"मला वाटलं, तुम्हाला कळत नाही."

"अस्तर कसलं लावलंय ते मला वरून हात फिरवून कळतं. जिभेवरचं कळणार नाही?"

"मग बोलायचं ना तेव्हाच!"

"बोललो असतो तर तू आणखी कशात तरी घातली असतीस. त्यापेक्षा तोंड बंद ठेवलेलं बरं."

ती स्टुलावर बसली. पाय ठणकत होते. भांडायचं म्हटलं तरी उभं राहावं लागलं असतं.

"उद्या नळी घालतील, बाबा."

"घालू देत. आत काय सोडतात ते निदान दिसेल तरी." बशी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "अख्खे बदाम आहेत का?"

"आहेत मूठभर."

"मग माझ्यासमोर कर. आणि तो खलबत्ता वरच्या फळीवर टाक."

"आता परत?"

"राहू दे मग."

ती उठली. खलबत्ता फळीवर गेला. सासरे ओट्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि दुकानात कापड कापणाऱ्या शिकाऊ पोराकडे बघावं तसे तिच्या हातांकडे बघू लागले. पाण्याचा थेंब गेला तर चॉकलेटच्या गुठळ्या होतात, म्हणून तिनं वाडगं पुसून घेतलं; त्यांनी ते मागून घेतलं आणि आतून बोट फिरवलं. बटर पेपरवर चॉकलेट ओतून झाल्यावर बदाम त्यांनी स्वतः लावले. सदऱ्याची बटणं लावावीत तसे, सारख्या अंतरावर.

चॉकलेट घट्ट होईपर्यंत सून टेबलावर डोकं टेकून पेंगली. त्यांनीच तिला हाक मारली.

एक बदाम त्यांनी दाढेखाली धरला आणि बराच वेळ चावला. मग दुसरा. तिनं बशीत, चॉकलेटच्या शेजारी, अख्खी गोळी ठेवली.

"ही मोठी आहे."

"आहेच मोठी."

"आधी हे संपवतो."

तुकडा संपवून त्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली, तोंड वाकडं केलं आणि न सांगता जीभ बाहेर काढून दाखवली.

"रात्री काय करतेयस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल ते. समोर बसा."

ते आत गेल्यावर ती ओटा आवरू लागली. कुटलेल्या मेव्याचं चॉकलेट तसंच पडलं होतं. टाकवेना म्हणून तिनं एक तुकडा तोंडात घातला. खलबत्ता ती रोज घासून धुवायची. तरीही कडू लागलं.